लंडन ते सॅन फ्रान्सिस्को : फक्त तीन तास

लंडन ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर साधारण ८,६०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की साडेनऊ तास. हा हिशेब इंटरनेट फुकटात करून देतं. फक्त त्यातलं विमान जन्मतःच हवेत असतं. त्याला धावपट्टीपर्यंत रांगेत रांगावं लागत नाही, चढावं-उतरावं लागत नाही, समोरून वारा लागत नाही. खऱ्या विमानाला हे सगळं चुकत नाही, म्हणून तिकिटावर अकरा तास छापलेले असतात. तेही विमान जागचं हलल्यापासून मोजायचे. त्याआधी पट्टा सोडून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हाताने पँट सावरत आपण जे उभे असतो, त्या वेळेचा हिशेब कुणी धरत नाही.

विमान निघालं ते ग्रीनलंडच्या दिशेने. शेजारचे गृहस्थ अस्वस्थ झाले. पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवत म्हणाले, "सरळ सोडून हा वर कुठे चाललाय?" मीटर वाढावा म्हणून टॅक्सीवाला फिरवतोय, असा त्यांचा चेहरा. गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणला की तो सपाट नकाशावर असाच वर वाकलेला दिसतो आणि तीच सगळ्यात जवळची वाट, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण खाली बर्फ दिसेपर्यंत विश्वास काही ठेवला नाही.

पडद्यावरचं विमान असतं आयर्लंडएवढं. चार ढांगांत अमेरिका गाठेल असं वाटतं, पण ते हलेल तर शपथ! उरलेला वेळ, ५ तास ४० मिनिटं. डोळे मिटले, झोप काढली, घोरलोसुद्धा (असं शेजाऱ्यांचं म्हणणं). उठून पाहतो तर ५ तास ३६ मिनिटं.

उतरल्यावर आत्याला फोन केला.

"पोचलास? किती वाजले तिथे?"

"दुपारचे दोन."

"आणि निघालास अकराला. म्हणजे तीनच तास की रे! मग दमलो दमलो काय करतोस?"

"अगं, इथलं घड्याळ आठ तास मागे आहे. पृथ्वी फिरते ना..."

"ती फिरते. तू तर बसून होतास ना?"

यावर भूगोलाकडे उत्तर नाही.

परतीला वारा पाठीशी होता. दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो आणि विमानाला आयता रेटा देतो. साडेदहा तासांत लंडन! मी खुशीत. पण दुपारी चारला निघालेला मी उतरलो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. आत्याने बोटांवर मोजलं.

"जाताना तीन, येताना साडेअठरा," ती म्हणाली. "मधे कुठे उतरला होतास, खरं सांग."