इंडिकेटर तुमच्यासाठी नसतो हो!

काल संध्याकाळी एका गाडीला मी मागून ठोकणार होतो. जेमतेम हातभर अंतर राहिलं. ब्रेक असा दाबला की मागच्या सीटवरची पिशवी पुढे येऊन सांडली आणि शेजारी बसलेल्या आईचा हात डॅशबोर्डवर आपटला. मनगट अजून सुजलेलं आहे. आणि हे का, तर पुढचा माणूस वळत होता आणि ते मला कळलंच नाही.

इंडिकेटर दिला होता, असं तो नंतर छातीठोकपणे सांगत होता. दिला असेल. पण मागच्या दिव्यांवर काळी फिल्म, आतला मूळचा पिवळा दिवा काढून बसवलेली लाल एलईडीची पट्टी, आणि ती पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश रांगत जाणार. त्यात ब्रेकही दाबलेला. लालात लाल! मला दिसलं ते एवढंच की काळ्या काचेमागे काहीतरी लाल हलतंय. थांबतोय की वळतोय हे ओळखायला माझ्याकडे एक सेकंदही नव्हता.

खाली उतरलो. वाटलं, निदान आईकडे बघून "लागलं का?" एवढं तरी विचारेल. नाही. पहिलं वाक्य काय, तर "इंडिकेटर दिसत नाही का तुम्हाला?"

नाही दिसला! दिसू नये अशीच सोय करून ठेवल्यावर दिसणार कसा? मी म्हणालो, हा लाल आहे, कंपनीने दिलेला पिवळा तुम्ही काढलाय, हे बेकायदेशीर आहे. त्यावर साहेब म्हणतात, "अमेरिकेत लालच असतात."

हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, खरं आहे. पण तिथल्या १०८ क्रमांकाच्या मानकात त्या लाल दिव्याचा उजेड किती हवा, उजळणारा भाग केवढा हवा, हे मोजूनमापून ठरलेलं आहे, आणि पुढचा इंडिकेटर तिथेही पिवळाच लागतो. त्याच अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००९ मध्ये लाल-पिवळ्याची तुलना केली. पिवळा असलेल्या गाड्यांना वळताना, लेन बदलताना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ५ टक्क्यांनी कमी निघाल्या. अमेरिकेचं नाव घ्यायचं तर हेही घ्या ना! आणि संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम मानणाऱ्या देशांत नव्या गाडीला पुढेमागे पिवळाच लागतो, तिथे वादच नाही.

मग पुढचं वाक्य. "उघड विकायला आहे. बेकायदेशीर असतं तर विकलं असतं का?" अहो, खोका वाचलात का? असल्या कितीतरी बल्बांच्या खोक्यांवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं की हे सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. त्या एका ओळीआड विकणारा सुटतो. दिव्याच्या मूळ काचेवर वर्तुळात ई आणि एक आकडा कोरलेला असतो, तो कधी बघितलात? ती दिवा नियमात बसतो याच्या मंजुरीची खूण, आणि मंजुरी त्या अख्ख्या दिव्याला असते, ठरलेल्या प्रकारच्या बल्बासकट. आतला बल्ब बदलला, वर फिल्म चिकटवली, की त्या खुणेला काही अर्थ उरत नाही. खूण काचेवर तशीच राहते आणि लोक तीच बोटाने दाखवतात.

शेवटचं वाक्य, "गाडी माझी, पैसे माझे." इथे माझा आवाज चढला, आई आतून "अरे, जाऊ दे" म्हणत होती तरी चढला. सीटकव्हर बदला, स्पीकर बदला, मला घेणंदेणं नाही. पण बाहेरचा इंडिकेटर चालवणाऱ्याला स्वतःला दिसतसुद्धा नाही! तुम्हाला दिसतो तो डॅशबोर्डवरचा हिरवा बाण. बाहेरचा दिवा माझ्यासाठी आहे, समोरून येणाऱ्यासाठी आहे, रस्ता ओलांडायला थांबलेल्या पोरासाठी आहे. तो विझवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

सरकत्या इंडिकेटरवर माझा मुळात राग नाही. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डला मागे तसलेच होते. संयुक्त राष्ट्रांचे नियमही ते चालवून घेतात, फक्त आतून बाहेरच्या दिशेने जायला हवं आणि सगळी पट्टी २०० मिलिसेकंदांत पूर्ण पेटायला हवी. म्हणजे पापणी लवेपर्यंत. कालची ती पट्टी पूर्ण होईपर्यंत माझी गाडी त्याच्या डिकीत गेली असती.

हेडलाइटच्या कडेला इंडिकेटरच्या पट्ट्या चिकटवणारे तर वेगळेच. हेडलाइटच्या झगमगाटात इंडिकेटर बुडतो म्हणून नियम करणाऱ्यांनी अंतरं मोजली आहेत. इंडिकेटर हेडलाइटपासून ४० मिलिमीटर किंवा जास्त लांब असेल तर त्याचा उजेड किमान १७५ कॅन्डेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप), २० ते ४० च्या मध्ये असेल तर २५०, त्याहून जवळ असेल तर ४००. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून हे केलंय. आणि हे लोक डिंकाची पट्टी सोलून ती नेमकी हेडलाइटला खेटून लावतात, वर ती दिवसभर पांढरी जळत असते.

बल्बाचं सांगू? पिवळ्या २१ वॅटच्या बल्बाच्या दोन पिना एकमेकींसमोर सरळ नसतात, १५० अंशांवर असतात. मुद्दाम! साधा पांढरा बल्ब त्या होल्डरमध्ये चुकूनही बसू नये म्हणून. तर लोक पीन कानशीने घासून पांढरा बसवतात. ज्याने ही युक्ती शोधली त्याला हे दाखवलं तर त्याला काय वाटेल, असं मला खरंच वाटतं.

आणि तो टकटकटक वेग! एलईडी टाकला की करंट कमी जातो, गाडीला वाटतं बल्ब उडाला, म्हणून इंडिकेटर दुप्पट वेगाने उघडझाप करायला लागतो. मिनिटाला ६० ते १२० अशी मर्यादा आहे, ती कुठल्या कुठे जाते. मग त्यावर उपाय म्हणून रेझिस्टर जोडतात, म्हणजे जास्तीचा करंट खाऊन तापणारा एक तुकडा, की गाडीला जुनाच बल्ब आहे असं वाटावं. मी मागे जुनी गाडी घेतली होती, तिच्यात असाच एक रेझिस्टर प्लॅस्टिकला टेकवून बांधलेला होता. प्लॅस्टिक वितळून वायरवर चिकटलेलं. वर्षभर मी माझ्या माणसांना त्या गाडीतून नेत होतो. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. शिवाय त्या रेझिस्टरमुळे बल्ब खरंच गेला तरी गाडीला कळत नाही. म्हणजे चालवणाऱ्यालाही कळत नाही. एका दिव्याच्या हौसेपायी धोक्याची सूचनाच बंद!

पाऊस लागला की चारही इंडिकेटर लावून धावणाऱ्यांबद्दलही आज बोलून घेतो. तुम्ही वळणार आहात हे आता आम्ही कशावरून ओळखायचं? थांबलेल्या गाडीची खूण चालत्या गाडीला लावून तुम्ही दिसत नाही, नुसते चमकता.

आज सकाळी आईला डॉक्टरकडे नेलं, हाड मोडलेलं नाही. येताना गाडी मेकॅनिककडे दाखवली. माझ्या मागच्या एका बल्बाचा पिवळा रंग उडून उजेड पांढरट पडायला लागला होता. तो म्हणाला, "एलईडीच टाकतो ना, भारी दिसतो." मी म्हटलं, हातातला जुना दाखव, त्यावर जे लिहिलंय तेच दे. दिलं. बसवून झाल्यावर मी मागे पंधरा पावलं चालत गेलो आणि त्याला इंडिकेटर द्यायला सांगितला. भर उन्हात पिवळा स्वच्छ दिसला.