इस्त्री केलेला वशिला

"तुमचा तो रेफरन्स म्हणजे आपला वशिलाच, फक्त इस्त्री केलेला!" परवा फोनवर दादा म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. भाच्याच्या नोकरीच्या अर्जात रेफरन्स म्हणून, म्हणजे त्याच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा माणसांची, दोन नावं द्यायची होती. दादाने ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचं नाव ठोकून दिलं. त्यांनी पोराला काम करताना कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

अरे, वशिल्याला माणूस मोठा लागतो. रेफरन्सला काम पाहिलेला लागतो, मग तो हुद्द्याने का लहान असेना! "आमच्याकडे आधी विचारतात," मी सुनावलं, "आणि तेही 'नाव देऊ का' असं नाही, 'चांगलं सांगू शकाल का' असं. समोरचा घुटमळला, की दुसरं नाव शोधायचं. होकार आला, की जाहिरात आणि सीव्ही पाठवायचा, कुठलं काम आठवायचं तेही कळवायचं. आणि सध्याच्या मॅनेजरला कंडिशनल ऑफर, म्हणजे 'रेफरन्स वगैरे नीट आले तर नोकरी तुमची' असं पत्र, हातात येईपर्यंत मध्ये आणायचंच नाही."

"आमच्याकडे म्हणजे कुठे गं?" दादाने विचारलं. मी विषय बदलला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. इथे ब्रिटनमध्ये निष्काळजीपणे दिलेल्या रेफरन्सबद्दल मालकावर दावा लागू शकतो, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 1994 मध्ये दिला. त्यामुळे कित्येक एचआरवाले तारखा आणि हुद्दा यापलीकडे अवाक्षर लिहीत नाहीत. तिकडच्या, भारतातल्या एक्स्पीरियन्स लेटरसारखंच की! पण भांडताना असलं कोण कबूल करतं?

आणि इथल्या पहिल्या अर्जात मीही तिकडच्या बड्या साहेबांचंच नाव दिलं होतं. मी कुठल्या टीममध्ये होते, हेच त्यांना आठवेना. नोकरी हुकली. पुढच्या वेळी, जिच्याशी माझे रोज खटके उडायचे त्या टीम लीडचं नाव दिलं. "स्वतःची चूक ती स्वतःच येऊन सांगते," असं तिने सांगितलं म्हणे.

गेल्या महिन्यात तिकडच्याच एका नोकरीचा अर्ज भरायला घेतलाय, गुपचूप. माझं काम पाहिलेलं तिकडे आता कुणी उरलेलं नाही. म्हणून इथली दोन नावं लिहिली. माझं आडनाव दोघांनाही धड उच्चारता येत नाही, पण मी कशी काम करते ते बरोबर ठाऊक आहे. तिकडचं कुणी असेल तर बरं, असं अर्जात म्हटलंय. दादाला विचारलं तर तासाभरात एखादं नाव काढून देईल. मोठंच देईल.

अर्ज अजून पाठवलेला नाही.