मनोरे यावेत आणि मावशीही

उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकात घरच्या मंडळींचे फोटो काढण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याने वास्तुकलेचा आस्वाद घेण्याची आशा सोडून द्यावी. चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे आहेत : पश्चिमेला तैमूरलंगाचा नातू उलुघबेग याचा, १४१७ ते १४२० या काळातला, त्याच्यासमोर यलंगतुश बहादुर या सुभेदाराने दोनशे वर्षांनी उभारलेला शेरदोर, आणि उत्तरेला त्याच सुभेदाराचा तिल्याकोरी. मनोऱ्यांची टोके आणि मावशींच्या पैठणीचे काठ एकाच फोटोत यावेत, एवढीच मंडळींची माफक अपेक्षा असते. मनोरे घ्यावेत तर मावशी दिसेनाशा होतात, मावशींना घ्यावे तर मागे नुसत्या निळ्या टाइल्स उरतात आणि "एवढ्या लांब आणून न्हाणीघरापुढे उभं केलंस होय रे?" हे ऐकून घ्यावे लागते.

त्यात उलुघबेगाच्या मदरशावर ऊन सकाळी पडते आणि शेरदोरवर दुपारनंतर, तर आमची मंडळी नाश्ता आटोपून नेमकी मध्येच उगवलेली. शेरदोरच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. इस्लामी वास्तूवर अशी चित्रे क्वचितच दिसतात. पण सगळे त्याखाली एकदाचे गोळा होईपर्यंत कोणीतरी आत सटकलेले असते, कारण विद्यार्थ्यांच्या जुन्या खोल्यांत आता दुकाने आहेत आणि सुझनीच्या भरतकामाचा भाव पाडल्याशिवाय आमच्याकडे कोणी इतिहासाकडे वळत नाही.

उलुघबेगाचे मनोरे किंचित कललेले आहेत. एक तर इतका झुकला होता की १९३२ साली अभियंत्यांना तो सरळ करावा लागला. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने पुरवली, तेव्हा मेहुणे म्हणाले, "मनोऱ्याचं राहू द्या, आधी मोबाइल सरळ धरा."

तिल्याकोरीच्या मशिदीत सोनेरी नक्षीची वर्तुळे मध्याकडे लहान होत जातात, त्यामुळे सपाट छत खोल घुमटासारखे भासते. काकांना हे मुळीच पटेना. शेवटी मी फोटो काढून दाखवला, तर त्यातही घुमटच दिसला. काकांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "हा आमच्या ग्रुपवर टाक."