तो ‘कुणीतरी’ मी आहे

“कुणाच्या तरी उपयोगी पडेल.” हे वाक्य आता मला ऐकवत नाही. गेली सहा-सात वर्षं मी एका धर्मादाय संस्थेच्या, दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून कपडे, पुस्तकं, घरातलं बारीकसारीक सामान विकत घेते. माझ्याकडचं सामान तिथेच नेऊन देते. महिन्यातले दोन शनिवार मागच्या खोलीत बसून आलेल्या पिशव्या निवडते. म्हणजे देणारी मी, घेणारी मी आणि निवडणारीही मीच. आणि या तिन्ही जागांवरून हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मागच्या शनिवारचंच सांगते. आम्ही दार उघडलं तर पायरीवर पाच मोठ्या पिशव्या. आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर कुणीतरी ठेवून गेलेलं. रात्रभर पाऊस. दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय, “बंद असताना बाहेर सामान ठेवू नये.” त्या पाटीच्या बरोब्बर खाली त्या पिशव्या. एकीवर चिठ्ठी चिकटवलेली, शाई पसरलेली, तरी वाचता येत होती: चांगले कपडे आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिली पिशवी उघडली आणि कुबट वासाचा भपकारा आला. तो वास एका रात्रीच्या पावसाचा नव्हता. वर ओला टॉवेल. तोही पावसाने ओला झालेला नव्हता, कारण पिशवीला घट्ट गाठ होती. आधीच दमट असलेला टॉवेल तसाच कोंबून, गाठ मारून, कित्येक दिवस कुठेतरी ठेवलेली ती पिशवी होती. त्याच्याखाली लहान मुलाचे लोकरीचे कपडे. त्यातला एक स्वेटर हाताने विणलेला, बाहीवर नक्षी, गळ्याशी लाकडी बटणं, एकही टाका निसटलेला नाही. कुणीतरी किती रात्री जागून विणला असेल तो. आणि त्याच्यावर छातीपासून खालपर्यंत बुरशीचे काळे ठिपके.

मी तिथेच जमिनीवर बसले. फाटका कपडा बघून मला इतका राग येत नाही, पण धडधाकट वस्तू केवळ आळसापायी मारून टाकलेली बघवत नाही.

एक दमट कपडा पिशवीतल्या सगळ्या कपड्यांची वाट लावतो, आणि ती पिशवी खोलीत चार दिवस पडली तर शेजारच्या पिशव्यांचीही. मग ते सगळं कचऱ्यात. आणि हा कचरा कोण उचलतं? संस्था. पैसे मोजून. ज्या पैशांतून कुणाच्या औषधाचं किंवा कुणाच्या शाळेचं काहीतरी व्हायचं, ते पैसे तुमच्या घरातली घाण वाहून न्यायला जातात. कपाट तुमचं रिकामं झालं, पुण्य तुमच्या पदरात पडलं, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

त्या मागच्या खोलीत मी काय काय बघितलंय! वापरलेली अंतर्वस्त्रं, न धुतलेली. एकच बूट, त्याचा जोडीदार कुठेच नाही. इलॅस्टिक मेलेल्या चादरी. काखेत पिवळे पडलेले शर्ट. कोटिंगचे पापुद्रे निघालेले तवे. सेलमधलं कातडी भाजणारं रसायन गळून पांढरी पडलेली खेळणी, लहान मुलांच्या हातात जायची खेळणी! सेल काढायला दहा सेकंद लागतात. इस्त्री, पंखा, मिक्सर आणून ठेवतात आणि म्हणतात, “चालतो की नाही माहीत नाही, बघा.” अहो, तुमच्या घरात वीज आहे ना? लावून बघा. चालत नसेल तर तसं सांगा, कुणी दुरुस्त करणारा असेल तर तो सुटे भाग म्हणून नेईल. पण न सांगता ठेवून जाणं म्हणजे घेणाऱ्याच्या खिशात हात घालणं आहे.

ज्ञानकोशांचे जुने संचही असेच येतात. चोवीस-चोवीस, तीस-तीस खंड, धूळ खाल्लेले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानेच २०१२ मध्ये छापील आवृत्ती काढणं थांबवल्याचं जाहीर केलं. ते संच आमच्याकडे वर्षानुवर्षं भिंत अडवून बसतात. पुस्तक टाकवत नाही हे मला समजतं, मलाही टाकवत नाही. पण स्वतःला टाकवत नाही म्हणून टाकायचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, हे बरोबर नाही.

हेल्मेटचं तर मी हात जोडून सांगते. आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो एकदाच आपटण्यासाठी असतो. आपटला की तो आत दबतो, पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मुलांच्या गाडीतल्या सीटचंही तेच. तिच्यावर मुदतीची तारीख असते, आणि अपघात झालेल्या गाडीतली सीट पुन्हा वापरायची नसते. या वस्तू बऱ्याच दुकानांत घेतच नाहीत. तरी लोक पिशवीच्या तळाशी घालून देतात. उद्या एखादी आई विश्वासाने ते हेल्मेट आपल्या मुलाच्या डोक्यावर चढवेल. हे मनात येत कसं नाही?

माझ्या पायातल्या बुटांची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी तिथूनच एक बूटजोड घेतला. नवाकोरा दिसत होता, तळवा झिजलेला नाही, चामडं चकचकीत. खूश होऊन घातला आणि बाहेर पडले. पंधरा मिनिटांत रस्त्याच्या मधोमध तळवा भुग्यासारखा सुटायला लागला. मागे वळून बघितलं तर काळ्या तुकड्यांची ओळ. अर्धा रस्ता मी जवळजवळ अनवाणी चालले. नंतर कळलं की पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे तळवे हवेतला ओलावा शोषत आतून विरघळत जातात, न वापरता ठेवले तरी. पाच-दहा वर्षं डब्यात जपून ठेवलेला जोड पहिल्या चालण्यातच भुगा होतो. ज्याने दिला त्याला हे ठाऊक नसणार, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो वस्तू जिवंत असताना कपाटात कोंडून ठेवायच्या आणि मेल्यावर दान करायच्या या सवयीवर. घालत नाही हे वर्षभरात कळतं. तेव्हाच द्या ना! मुलाला जॅकेट आखूड झालं की त्याच आठवड्यात द्या, दुसऱ्या कुणाच्या मुलाला याच थंडीत ते हवंय.

पण हे सगळं मी गिळलं असतं. ज्या दिवसापासून माझा तोल सुटलाय तो दिवस वेगळा आहे. एक बाई पिशवी घेऊन आल्या, चांगल्या घरच्या, हसतमुख. वरचाच शर्ट खांद्यावर उसवलेला आणि कॉलर विरलेली. मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, “अहो ताई, हा फाटलाय, हा नाही विकता येणार.” त्या म्हणाल्या, “असू दे हो. गरजूंना काय, चालतं.” वर आणखी म्हणाल्या, “धर्माच्या गाईला कुणी दात विचारतं का?”

मी त्या क्षणी त्याच दुकानातून घेतलेला शर्ट घालून उभी होते.

तुम्ही ज्याला ‘कुणीतरी’ म्हणता तो कुणीतरी मी आहे. माझ्या शेजारी रांगेत उभी असलेली, मुलाखतीला जायला एक बरा ब्लाउज शोधणारी मुलगी आहे. तीन मुलांचे शाळेचे बूट एकदम घेता येत नाहीत म्हणून दर महिन्याला एक जोड नेणारा बाप आहे. आम्ही भीक मागत नाही, गल्ल्यावर पैसे मोजतो. आणि समजा फुकट नेत असतो, तरी आम्हाला घामाचा वास येतो, डाग दिसतात, तुटलेली चेन टोचते. गरज असली की नाक आणि डोळे जात नाहीत! जो कपडा तुम्ही तुमच्या बहिणीला देणार नाही, तो मला कशाला देता? ती म्हण मी लहानपणापासून ऐकलीय आणि ती मला कधीच पटली नाही. दात नसलेली गाय चरणार कशी? तिला पोसायचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात मारायचा आणि वर त्याने गप्प बसायचं.

गिऱ्हाइकांवरही माझा राग आहे, तोही बोलून टाकते. स्वस्त वस्तूचं लेबल सोलून महाग वस्तूवर चिकटवणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. धर्मादाय दुकानात चोरी! हँगरवरचे कपडे ओढून जमिनीवर टाकतात, त्यावरून चालतात, आणि उचलायला पंचाहत्तरीच्या काकू वाकतात, ज्या एक पैसा न घेता तिथे काम करतात. त्यांच्याशीच परत घासाघीस. दार उघडायच्या आधी मोबाइल घेऊन उभे असलेले विक्रेतेही असतात, पुस्तकांचे बारकोड स्कॅन करत जातात आणि पुढे चढ्या भावाने विकतात. पुस्तकांचं मी समजू शकते. ते पैसे देतात, पुस्तकाला वाचक मिळतो, संस्थेलाही चार पैसे मिळतात. पण थंडीच्या तोंडावर लहान मुलांची चांगली जॅकेटं एकगठ्ठा उचलून नेणाऱ्याला मी माफ करणार नाही. तुमचा नफा म्हणजे एखाद्या पोराची कुडकुड आहे.

आणि दुकान चालवणारेही यातून सुटत नाहीत, माझं कितीही प्रेम असलं तरी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असा स्टिकर मारतात की काढताना चित्र सोलून निघतं. किती वेळा सांगितलं, आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा. दोन धुण्यांत आकार सोडणारा पातळ टी-शर्ट जवळजवळ नव्याच्या किमतीला लावतात, कारण त्यावर एका ब्रँडचं नाव आहे. त्याच वेळी शंभर टक्के लोकरीचा कोट कोपऱ्यात कवडीमोल पडलेला असतो. लेबल उलटून कापड कोणतं ते बघत नाहीत. ट्रायल रूम सामानाने भरलेली, मग माणसाने कपडा अंगावर घालून बघायचा कुठे?

सगळ्यात जास्त लागतं ते बटणांचं. एक बटण नाही म्हणून सबंध शर्ट न विकलेल्या कपड्यांच्या गासडीत जातो. मी म्हटलं, कोपऱ्यात एक टेबल द्या, सुई-दोरा आणि बटणांचा डबा मी आणते, दर शनिवारी दोन तास बसते. उत्तर आलं, जागा नाही. भिंतीशी ज्ञानकोश ठेवायला जागा आहे! १९०२ मध्ये बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने अशा कामाला सुरुवात केली तेव्हा त्याचा गाभाच दुरुस्ती हा होता. सधन घरांतून जुनं सामान गोळा करायचं आणि ज्यांना काम नाही त्यांनाच ते शिवायला, सांधायला लावून मजुरी द्यायची. पुढे गुडविल या नावाने जगभर पसरलेली संस्था त्यातूनच उभी राहिली. सुई-दोरा या दुकानांच्या जन्मातच आहे, आणि आम्ही तो बाहेर काढून टाकलाय.

न विकलेल्या कपड्यांचं काय होतं हे देणाऱ्यांना वाटतं त्याहून फार वेगळं आहे. ते दाबून गासड्या बांधतात आणि वजनावर विकतात. काहींच्या कारखान्यात पुसायच्या चिंध्या होतात. पुष्कळ माल समुद्र ओलांडून जातो. घानाच्या राजधानीत, आक्रात, कांतामांतो नावाचा प्रचंड बाजार आहे. तिथले छोटे विक्रेते गासडी न उघडताच, आत काय आहे ते न बघता, पदरच्या किंवा कर्जाच्या पैशाने विकत घेतात. तुमचा डाग पडलेला, विटलेला शर्ट तिथे एका बाईच्या गासडीत निघतो आणि तिचं त्या दिवसाचं नुकसान होतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात न खपलेल्या कपड्यांचे ढिगारे पडलेत. त्यातलं पॉलिएस्टर म्हणजे प्लास्टिकच, ते कुजत नाही. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. इतकं पाणी ओतून पिकवलेला कापूस, आणि शेवट एका बटणापायी वाळवंटात.

म्हणजे इथेही तो ‘कुणीतरी’ आहेच. आक्राची ती विक्रेती. तिला तर कुणी विचारलंही नाही.

तो स्वेटर मी घरी आणला. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला, तीन वेळा हाताने धुतला, उन्हात सपाट पसरून वाळवला. वास गेला. ठिपके नाही गेले. दुकान सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं आणि गल्ल्यावर माणूस असतो. कोरडा असताना कुणी तो आणून नुसता हातात दिला असता, तर त्याच दुपारी गेला असता.