खाडी म्हणजे आखात नव्हे, आणि नाला तर नव्हेच

खाडी या शब्दाबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत. खाडी, आखात आणि उपसागर एकच, म्हणून ‘बंगालची खाडी’ मराठीतही चालते. खाडी हा शब्द अरबी ‘खलीज’ (आखात) वरून आला. आणि क्रीक म्हणजे ओढा, म्हणून ठाणे क्रीक, माहीम क्रीक हे मुळात नालेच. तिन्ही चूक आहेत आणि तिसरा घातकही आहे.

‘बंगालची खाडी’ हे हिंदीचं मराठी केलेलं रूप आहे. हिंदीत ‘खाड़ी’ या एकाच शब्दावर उपसागर आणि आखात दोन्ही भागतात; मराठीत भागत नाहीत. आपल्याकडे कमी दाबाचा पट्टा बंगालच्या उपसागरात तयार होतो, माणसं नोकरीला आखाती देशांत जातात, गुजरातेत खंबातचं आखात आहे. खाडी मात्र मनोरीची, वसईची, बाणकोटची. मरीन ड्राइव्हसमोरच्या बॅक बेला मुंबईकर खाडी म्हणत नाही, कारण ते उघडं पाणी आहे. खाडी म्हणजे जमिनीत अरुंद होत शिरलेलं, भरती-ओहोटीचं पाणी.

खलीजचं थोडक्यात. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. ‘खलीज’मधला ल जाऊन ड कसा आला आणि ज कुठे गेला, याला उत्तर नाही. खाडी हा खड्डा, खाड यांच्या कुळातला घरचा शब्द आहे.

आता क्रीक. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, हे खरं. पण मुंबईचे नकाशे ब्रिटिशांनी काढले आणि ब्रिटिश इंग्रजीत क्रीक म्हणजे समुद्राचा आत आलेला चिंचोळा फाटा. कच्छची सर क्रीक त्याच अर्थाची.

शब्दकोश बाजूला ठेवा, पाणी बघा. ओढा एकाच दिशेला वाहतो. खाडीचं पाणी साधारण सहा तास आत येतं आणि सहा तास बाहेर जातं. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या पुढे जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, दीडेक मीटरवर येतो. भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट: अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते. काठाला खाजण (भरतीचं पाणी चढणारी खारी जमीन), तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) आणि मचूळ पाणी असतं. नाल्याकाठी तिवरं उगवत नाहीत.

खाडीला नदी मिळू शकते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, माहीमला विहार-पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी. म्हणून खाडी नदी होत नाही, नाला तर नाहीच. नाला रुंद करून, भिंती बांधून काबूत आणता येतो. खाडीत भर घातली की भरतीचं पाणी पसरायची जागाच जाते, आणि वरून येणारं पावसाचं पाणी तुंबतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचा काठ बुडाला. मुंबईच्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. त्या तोंडांवरचे दरवाजे भरतीला उघडे राहिले तर समुद्रच आत येतो. म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे पंपांनी पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं.