पाला राहू द्या, भिया!

इंदूरच्या माणसाला झाडू मारू नका म्हणणं म्हणजे पोह्यांवर शेव घालू नका म्हणण्यासारखं आहे. 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा पहिला नंबर आला, पुढे वर्षानुवर्षं तो हलला नाही, आणि इथे तर कचऱ्याचेसुद्धा सहा वर्ग पाडून गाडीत टाकतात. अशा शहरात कॉलनीची बाग पक्षी, फुलपाखरं, बेडूक यांच्यासाठी राखायची ठरली, की रविवारी सेवेला येणारा प्रत्येक जण आपापला खराटा घेऊनच येतो. त्याच्या हातातून तो काढून घेणं, हीच पहिली आणि सर्वांत अवघड सेवा.

गळलेला पाला झाडांखाली तसाच राहू द्या म्हटलं, की ‘पण दिसतं कसं ते!’ हे काका लोकांचं म्हणणं. त्यावर दयाळ, सातभाई, सापसुरळी यांची नावं घेऊन उपयोग नसतो. सातभाई पाला उलटून त्यातले किडे खातात, हे ऐकल्यावर काकांना किडे तेवढे ऐकू येतात. खात्रीचा उपाय एकच: पाल्याच्या कडेने विटांची तिरकी रांग लावा. बिनविटांचा पाला म्हणजे कचरा, विटांच्या आतला तोच पाला म्हणजे प्रकल्प. पुढच्या मीटिंगमध्ये काकाच पाहुण्यांना तो दाखवतात.

झाडांखाली तीन इंच पाला राहू द्यावा, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर पावसाळ्यात साल कुजते. उरलेल्या पाल्याचं खत करायला कोंबडीजाळी आणावी. तीन फूट उंच आणि दहा फूट लांब जाळीची टोकं तारेने बांधली की तीन फूट व्यासाचं कडं होतं. ते थेट मातीवर ठेवायचं. खाली फरशी असली तर गांडुळांनी यायचं कुठून? तीन घमेली सुका पाला, एक घमेलं ओला हिरवा कचरा, वर थोडं शेणपाणी. मूठभर दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर वास सुटणार, मग सुका पाला घाला. काहीच आलं नाही तर ढीग दिवाळीपर्यंत जसाच्या तसा बसून राहील. ढीग वरखाली करायला पंजा वापरा, फावडं नको. आत भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, झोपलेला असतो आणि फावड्याला ते कळत नाही.

माळव्याची काळी माती हा स्वतंत्र छळ आहे. पावसात ती फुगून पाणी धरून बसते आणि रोपाची मुळं गुदमरतात. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि तीच मुळं उघडी पडतात. म्हणून खड्डा दीड फुटाचा करावा, भरताना दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग मुरलेलं शेणखत, आणि वरती सहा इंचांचा उंचवटा. लागवड दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर. उद्घाटनाची तारीख मात्र नेहमी त्याच्या आधीची असते, कारण फोटोत चिखल चांगला दिसत नाही.

पाण्याचं भांडं हा सर्वांचा लाडका विषय, कारण त्याला पुण्य चिकटलेलं आहे. पुण्य लागतंच, पण भांडं दोन इंचांहून खोल नको, आणि आत एक खडबडीत दगड हवा, नाहीतर मधमाश्या बुडतात. दाट झुडपापासून सहा-आठ फूट लांब ठेवा. मांजरीही सेवेला येतात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून काथ्याने घासायचं. नुसतं वरून पाणी भरणं म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, कारण एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. घासण्याची पाळी कोणाची, यावर जेवढे वाद होतात तेवढे मेंटेनन्सवरही होत नसावेत.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की काकू फवारा मागतात. आधी पान उलटून नीट बघा. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड असेल, तर ती जागेवर चिकटलेली, सुस्त. त्यांच्यात एखादी मोठी, लांब पांढऱ्या झालरीची अळी तुरुतुरु फिरत असेल, तर ती पिठ्या ढेकणालाच खाणाऱ्या भुंगेऱ्याची असू शकते. बाहेरून दोघे एकाच वेशात, त्यामुळे पोलीसच आधी मारला जातो. प्रथम पाण्याचा जोराचा फवारा. त्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण; तेल आधी साबणात फेटा, नाहीतर ते वर तरंगत राहतं. संध्याकाळी, फक्त पानांच्या मागच्या बाजूला. फुलांवर अजिबात नाही.

कढीपत्त्याचं दुःख वेगळंच. त्यावर पक्ष्याची वाळकी विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसतं, ते पुसू नका. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून लालसर-केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर काढून घाण वास सोडते. काकूंची किंकाळी ऐकली की अळी कुठल्या वयाची आहे ते न बघता सांगता येतं. फोडणीसाठी वेगळं झाड लावा, एवढाच उपाय आहे.

गुलाबाच्या पानांच्या कडा कोणी कातरीने गोल कापल्यासारख्या दिसल्या तर पोरांना रागावू नका. ते पानकापी मधमाशीचं काम. ती तुकडे नेऊन घरटं करते. तिच्यासाठी बिनपॉलिशच्या लाकडी ठोकळ्याला 4 ते 8 मिलीमीटरची भोकं पाडा, पाच इंच खोल, आरपार मात्र नाही. तोंडं पॉलिशपेपरने घासा, कुसळाने पंख फाटतात. ठोकळा पूर्वेकडे तोंड करून, घट्ट बसवलेला, वर छप्पर. दुपारचं ऊन लागलं तर आतल्या अळ्या भाजतात. बंद झालेल्या भोकात काडी घालून ‘आहे का कोणी’ विचारणारे काका प्रत्येक कॉलनीत असतात, म्हणून ठोकळा जरा उंचच लावा.

राहता राहिली रुई. ही लावायचीच, कारण प्लेन टायगर या केशरी फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या तिच्यावर पोसतात. पण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, आणि पहाटे पिशवी घेऊन येणाऱ्या आजोबांना अडवण्याची छाती कुठल्याच समितीत नसते. तोडगा असा: देवळाच्या बाजूची झुडपं मारुतीची, भिंतीकडची अळ्यांची, आणि माळेचं प्रत्येक पान तोडण्याआधी उलटून बघायचं. आजोबांना हे पटतं. फक्त चष्मा घरी राहिलेला असतो, त्यामुळे पान उलटून बघायला सेवेकऱ्याने पहाटे साडेपाचला हजर राहायचं असतं.