बेसमेंटच्या छताला अंड्याचे ट्रे आणि फोम लावू नका

'बुटक्या बेसमेंटचा स्टुडिओ करा, पाच हजारांत!' असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात सांगितलंय की छताला अंड्याचे ट्रे किंवा गादीचा फोम चिकटवला की आवाज शंभर टक्के बंद होतो, पाइप-वायरी पीओपीनं कायमच्या झाकून टाकाव्यात, ट्रॅप डोअर (पाइप-वायरींपर्यंत हात पोचावा म्हणून सीलिंगला ठेवलेलं झाकण) हा कंत्राटदारानं बिल वाढवायला काढलेला प्रकार आहे आणि त्यातून आवाज निसटतो, सीलिंग फूटभर खाली घेतलं तरी काही बिघडत नाही, आणि खर्च नको असेल तर स्लॅब, पाइप सगळं एकाच रंगात रंगवावं. हा मेसेज माझ्या मावसबहिणीकडे गेला आणि तिनं लगेच ट्रे जमवायला घेतले. सहकारनगरात बंगल्याच्या बेसमेंटमध्ये तिचा तबल्याचा क्लास आहे. संध्याकाळी तिथे लहान लहान मुलं बसलेली असतात आणि वर यायला जिना एकच आहे. म्हणून हे लिहितेय.

ट्रेनं आवाज अडतो हे साफ खोटं आहे. खोलीतला घुमारा कमी करणं हे एक काम, आवाज बाहेर जाऊ न देणं हे दुसरं. बाहेर जाणारा आवाज अडवायचा तर वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. ट्रे म्हणजे वाळवलेला कागदाचा लगदा. तो काय अडवणार? डग्ग्याचा खर्ज शंभर हर्ट्झच्या आसपास धरला तर त्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. इंचभर जाडीच्या हलक्या ट्रेला किंवा फोमला ती दाद देत नाही. फोमनं तबल्याच्या चाटीचा, बोलण्याचा वरच्या पट्टीतला कलकलाट कमी होतो, एवढं मान्य करते. पण वरच्या मजल्यावर डग्गा होता तेवढाच ऐकू येणार.

माझा खरा संताप आहे तो फोमबद्दल. 'गादीवाल्याकडचा चालतो, तोच असतो,' असं मेसेजमध्ये बिनधास्त लिहिलंय. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमवर उडाल्या. तो फोम आवाजासाठीच लावला होता. 100 माणसं गेली. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेनं नंतर त्या हॉलचा काही भाग तसाच उभारून पेटवून पाहिला, तर सुमारे दीड मिनिटात आत माणूस जगू शकणार नाही अशी अवस्था झाली. आपण कुठे आतषबाजी करतोय, असं कोणी म्हणेल. पण छतातल्या जंक्शन बॉक्समधलं, म्हणजे वायरी जोडायच्या डब्यातलं, एखादं ढिलं कनेक्शन पुरतं. या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो, आणि धूर वर चढायला वाट शोधतो ती नेमकी जिन्याची, म्हणजे मुलांना पळायला असलेली एकुलती एक. थर्माकोलही त्याच माळेचा मणी: आवाज शोषत नाही आणि भडाभडा जळतो.

ट्रॅप डोअरचं म्हणाल तर वरच्या बाथरूमचा ड्रेनेज पाइप याच छताखालून जातो. त्याचा डोअर बेंड (साफसफाईसाठी झाकण असलेलं वळण), पाण्याचे व्हॉल्व्ह आणि प्रत्येक जंक्शन बॉक्स, इथे हात पोचलाच पाहिजे. नाहीतर ऐन पावसाळ्यात लाइन तुंबली की प्लंबर हातोडा घेऊन अंदाजानं पीओपी फोडत सुटतो. डोअर बेंडखाली दीड फूट बाय दीड फूट तरी झाकण हवं, कारण नुसता हात जाऊन भागत नाही, तुंबलेली लाइन मोकळी करायचा रॉड वाकवून आत घालायला जागा लागते. ट्रॅप डोअरमधून आवाज निसटतो, हे मेसेजमधलं म्हणणं अर्धं खरं आहे. पातळ झाकण नुसतं टेकवून ठेवलं तर निसटतोच. झाकणाला सीलिंगइतकीच जाड बोर्डं लावा आणि कडेनं रबराची पट्टी फिरवा.

उंचीबद्दल फार बोलायला नको. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार बेसमेंटची उंची फरशीपासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत कुठेही 2.4 मीटरपेक्षा, म्हणजे जवळजवळ आठ फुटांपेक्षा, कमी चालत नाही. स्लॅबच पावणेनऊ फुटांवर असेल तर फूटभर खाली येणार कुठून?

रंगाचा सल्ला तेवढा बरोबर आहे. बुटक्या छताला तोच सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त आधी गळती काढून घ्या.

बहिणीला मी सांगितलंय ते असं: छताला रबरी हँगरवर (थरथर स्लॅबपर्यंत पोचू न देणारे टांगते आधार) दुहेरी जिप्सम बोर्ड, वरच्या पोकळीत रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर), सांधे सीलंटनं बंद. जिप्सममध्ये मूळचंच पाणी बांधलेलं असतं, त्यामुळे ते आग काही काळ थोपवून धरतं, आणि रॉकवूल जळत नाही. घुमाऱ्यासाठी भिंतींवर कापडानं मढवलेले रॉकवूलचे पॅनेल. आणि बोर्ड चढायच्या आधी प्लंबर नि वायरमन दोघांना उभं करून प्रत्येक ट्रॅप डोअरची जागा खाली फरशीवर खडूनं आखून घ्यायची, फोटो काढून ठेवायचे, मगच कंत्राटदाराला पहिला हप्ता द्यायचा.